नाखव्याने निवडलेला टर्बो

मस्कतमध्ये वादी कबीरच्या ज्या गॅरेजात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे टर्बो निवडण्याचा मान माझा होता. मानच म्हणायला हवं. इंजिन खोलणारे, गिअरबॉक्स उतरवणारे, वायरिंग करणारे बरेच होते, पण एखाद्या डिझेल गाडीला कुठला टर्बो बसवायचा हे ठरवायची वेळ आली की आमचा अर्बाब, म्हणजे गॅरेजचा ओमानी मालक, ऑफिसातून बाहेर येऊन माझ्याकडे बोट दाखवायचा. "उस्तादला विचारा," एवढंच तो बोलायचा.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. एक पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल जळतं आणि इंजिनाची ताकद वाढते. अडचण इतकीच, की मोठा टर्बो आळशी असतो. इंजिन बरंच फिरल्याशिवाय तो उठत नाही. 'उठतो' हा आमच्या गॅरेजातलाच शब्द. छोटा टर्बो लगेच उठतो, पण इंजिन जोरात पळायला लागलं की त्याला धाप लागते आणि सगळं तापतं. या दोघांच्या मधला नेमका कुठला, हे ओळखणं हेच खरं काम.

मी ते कानाने करायचो. चिपळूणला आयटीआय केलं होतं, पण तिथे हे कोणी शिकवलं नव्हतं. गाडी चालवून बघायची, धुराचा रंग बघायचा, हवेच्या पाइपवर हात ठेवून तो कधी फुगतो ते बघायचं, आणि मग ठरवायचं. दहातल्या आठ वेळा मी बरोबर असायचो. उरलेल्या दोन वेळा टर्बो उतरवून दुसरा चढवायचा. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही, कारण माझ्यापेक्षा बरं कोणी नव्हतंच.

मग नाखवा आला.

तो माझ्याच वयाचा, चाळिशीच्या आसपासचा, दाभोळ खाडीच्या काठचा. माझ्या गावापासून त्याचं गाव तासाभराच्या अंतरावर. आधीची बारा वर्षं त्याने आखातातल्या बंदरांत, जहाजं ओढणाऱ्या टग बोटींच्या इंजिनांवर काढली होती. त्याच्या आजोबांचं गलबत होतं म्हणे. ते त्याने पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं आणि त्या जेवणापासून सगळे त्याला नाखवा म्हणायला लागले. घरी फोनवर तो त्याच्या कोकणीत बोलायचा, माझ्याशी मराठीत, बाकीच्यांशी हिंदीत आणि अर्बाबशी चक्क अरबीत. अरबी त्याला बोटीवरच्या लोकांनी शिकवली होती. मी इतकी वर्षं यल्ला, खलास आणि इन्शाल्ला यांवरच भागवत आलो होतो. तो पहिला काटा.

दुसरा काटा त्याची फाइल. प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले कागद होते तिच्यात, एकेका टर्बोचा एकेक नकाशा. खाली हवा किती वाहते त्याची रेघ, उभी रेघ दाबाची, आणि मध्ये एकात एक अंड्याच्या आकाराची वर्तुळं. कोणी गाडी घेऊन आलं की नाखवा आधी बोनेट उघडायचाच नाही. इंजिन केवढं, किती फेऱ्यांवर चालवणार, उन्हाळ्यात चालवणार की हिवाळ्यात, समुद्राकाठी की जबल अखदरच्या घाटात, असं विचारत बसायचा. मग एखाद्या खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड करायची, नकाशावर दोन-तीन ठिपके मांडायचे आणि सांगायचं, "हा नाय. तो बसव."

आणि तो बसायचा. पहिल्याच फटक्यात.

मी सुरुवातीला हसलो. मग त्याचा टर्बो कधी एकदा फसतोय याची वाट बघायला लागलो. एखादी गाडी त्याने तयार केली की ती गेटबाहेर पडेपर्यंत मी कान देऊन उभा राहायचो. कुठे शिट्टी वाजतेय का, काळा धूर निघतोय का, पंखा फडफडतोय का. काही नसायचं. गिऱ्हाइकं यायची आणि माझ्यासमोर उभी राहून विचारायची, "नाखवा कुठे आहे?" अर्बाब संध्याकाळचा चहा त्याच्या टेबलाशी बसून घ्यायला लागला. दोघं अरबीत काहीतरी बोलून हसायचे. मला वाटायचं, माझ्यावरच हसतायत. माझ्यावर हसत नव्हते हे मला आता माहीत आहे, पण तेव्हा पाना हातात धरून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो.

यात त्याचा काही दोष असता तर बरं झालं असतं. तो मला मान द्यायचा. "तुझा हात लागल्याशिवाय हे पूर्ण होत नाय," म्हणत दांड्याची फट तपासायला मलाच बोलवायचा. मला त्याचाही राग यायचा.

आम्ही तेव्हा माबेल्यात राहत होतो. मी, बायको आणि आठवीतली मुलगी. नाखवा हमरियात एका खोलीत चौघांबरोबर राहायचा, त्याचं कुटुंब गावी. बायकोला हे कळल्यावर ती म्हणाली, "आपल्याकडचा माणूस, एकटा राहतो, आणि तुम्ही अजून त्याला जेवायला बोलावलं नाही?" एका शुक्रवारी बोलवावं लागलं. तो येताना मतऱ्याच्या मासळीबाजारातून सुरमई घेऊन आला, नीट साफ करून, तुकडे पाडून. "वहिनी, तुम्ही तळा, पण मीठ मी लावतो," म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला. बायको कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसत होती.

जेवण झाल्यावर मुलीने त्याला विचारलं, की तुम्ही पप्पांसारखंच काम करता का. तिचं मराठी अडखळतं, अर्धी वाक्यं इंग्रजीत. त्याने तिच्या वहीत तो टर्बोचा नकाशा काढून दाखवला. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हे टेकडीसारखं आहे. जिओग्राफीत असतं आमच्या. मधे टॉप असतो ना?"

"बरोबर," नाखवा म्हणाला. "मधे शिखर. तिथे टर्बो सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त हवा देतो. आपलं इंजिन जास्तीत जास्त वेळ त्या शिखराजवळ राहिलं पाहिजे. आणि डाव्या बाजूला हा कडा आहे. कड्यावरून खाली गेलं की हवा उलटी फिरते."

मी सहा महिने त्या कागदांकडे तिरक्या नजरेने बघत होतो आणि मला ती टेकडी दिसली नव्हती. विचारायची लाज वाटत होती. माझ्या पोरीला ती दोन मिनिटांत दिसली. त्याच्यामुळे दिसली. तो गेल्यावर ती मला समजवायला आली तेव्हा मी म्हणालो, "मला माहितेय ते. अभ्यास कर." ती वही घेऊन आत गेली.

हिवाळा लागला तसा अर्बाबला वाळूचा नाद चढला. आमच्याकडे बिदियाच्या पुढे वाळवंट सुरू होतं. तिथल्या एका उंच वाळूच्या डोंगरावर शुक्रवारी गाड्या चढवायची चढाओढ लागायची. सगळे खालून धाव घेऊन निघतात आणि माथ्यावर पोचतो तो जिंकतो. अर्बाबची स्वतःची सहा सिलिंडरची जुनी डिझेल जीप होती. तिच्यातून तो दर वर्षी पाऊण डोंगर चढून परत यायचा. या वर्षी माथा गाठायचाच, असं ठरवून त्याने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं.

मी मोठा टर्बो सुचवला. गेल्या वर्षी जो जिंकला त्याच्याकडे तोच होता, म्हणून. खरं तर त्यापलीकडे काही विचार मी केला नव्हता. नाखव्याने विचारलं, "अर्बाब, डोंगर चढताना गाडी कुठल्या गिअरमध्ये असते?"

"दुसऱ्या. खालून वरपर्यंत दुसरा. पाय पूर्ण दाबलेला. मधे काही नाही," अर्बाब म्हणाला.

हे खोटं होतं. ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, अर्बाबला आणि मला. मी दहा वर्षं त्याच्या शेजारी बसून तो डोंगर चढत होतो. तो तिसऱ्या गिअरमध्ये धाव घ्यायचा आणि डोंगराच्या मध्यावर, गाडी मंदावली की दुसरा टाकायचा. आणि त्याचा डावा गुडघा फार वर्षांपूर्वी फुटबॉल खेळताना निकामी झाला होता. क्लच दाबायला आणि सोडायला त्याला बाकीच्यांपेक्षा दुप्पट वेळ लागायचा. वाळूत तेवढ्या वेळात गाडीचा वेग धाडकन पडतो. क्लच सुटतो तेव्हा इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्याही खाली आलेलं असतं. त्या क्षणी जो टर्बो उठेल तोच त्याच्या कामाचा. पण चार लोकांसमोर गुडघ्याबद्दल बोलणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

नाखव्याने आकडेमोड केली. एकाच गिअरमध्ये, इंजिन सतत तीन हजारांच्या वर, असं धरून त्याने मधल्या आकाराचा टर्बो निवडला. माझ्या मोठ्यापेक्षा तो चांगलाच होता, पण पंचविसशेच्या खाली तोही झोपलेला राहणार होता. बसवण्याआधी नाखवा माझ्याकडे आला. मी नटबोल्ट धूत होतो.

"तू त्याच्या शेजारी बसलायस इतकी वर्षं. मधे गिअर बदलतो का रे तो? पायाने लंगडतो जरा, म्हणून विचारतोय."

मला आठवतं, मी डिझेलच्या डब्यातून हातसुद्धा बाहेर काढला नाही.

"अर्बाबने सांगितलं ना तुला? मग तेच," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणून गेला. मला त्या वेळी फार हलकं वाटलं. खोटं तर मी बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आता पहिल्यांदा त्याचं काम फसणार होतं, सगळ्यांसमोर फसणार होतं, आणि मला त्यासाठी काही करावंही लागणार नव्हतं.

त्या शुक्रवारी आम्ही सगळे वाळवंटात गेलो. दुपारी तीनच्या सुमाराला अर्बाबची पाळी आली. नेहमी मी शेजारी बसायचो, पण या वेळी तो म्हणाला, "वजन नको, एकटा जातो." मी आणि नाखवा खाली उभे राहिलो. गाडी निघाली ती अशी, की आजवर मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. टर्बोची शिट्टी स्वच्छ, एका सुरात. अर्धा डोंगर तिने खेळत खेळत घेतला. त्या वेळी, खरं सांगतो, माझ्या मनात भीती होती ती एवढीच, की हा आता चढून जाईल.

मग मध्याच्या वर शिट्टी तुटली. अर्बाबने क्लच दाबला होता. मी मनात मोजत राहिलो आणि तो क्लच सोडेपर्यंत गाडी जवळजवळ थांबलीच. दुसरा गिअर पडला, काळ्या धुराचा लोट निघाला, पण इंजिनात जोर नव्हता. टर्बो उठलाच नाही. गाडी मागे घसरायला लागली. घसरताना वाळूत सरळ मागे यायचं असतं, पण अर्बाबने घाबरून स्टिअरिंग फिरवलं असावं. जीप आडवी झाली आणि एका बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली.

ती किती वेळ तशी राहिली मला सांगता येणार नाही. उलटली असती तर खालपर्यंत गडगडत आली असती. मी पळत सुटलो होतो. नाखवा माझ्या पुढे होता. वाळूत पाय पोटरीपर्यंत रुतत होते. मग उचललेली चाकं परत खाली टेकली आणि गाडी कलून थांबली. आम्ही दार ओढून अर्बाबला बाहेर काढलं. खांदा दाराच्या खांबावर आपटून काळानिळा झाला होता, हात वर जात नव्हता. त्याच्या ओठांना वाळू चिकटली होती. त्याला बाप म्हणावं अशा वयाचा तो नव्हता, पण त्या घडीला मला तो फार म्हातारा दिसला.

खाली आल्यावर लोक जमले. कोणीतरी विचारलं, टर्बो कोणी निवडला. नाखवा म्हणाला, "मी. माझं गणित चुकलं."

अर्बाब गप्प राहिला. मीही गप्प राहिलो.

अर्बाबचा भाऊ त्याला दवाखान्यात घेऊन गेला. मी आणि नाखवा गॅरेजच्या पिकअपने परत निघालो. इब्रा मागे पडलं. मग तो समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो," मी म्हणालो.

"का?"

त्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होतो? तुला अरबी येते म्हणून, तू सुरमईला मीठ लावलंस म्हणून, माझी बायको हसली म्हणून, माझ्या पोरीला तुझी टेकडी दिसली म्हणून? मी म्हणालो, "तू यायच्या आधी सगळे मला विचारायचे."

त्याने मान हलवली. जणू ते त्याला ठाऊकच होतं. "माणूस मेला असता," एवढंच म्हणाला.

पुढचा आठवडाभर मी वाट बघितली, की हा अर्बाबला सांगेल. त्याने सांगितलं नाही. रोज येऊन काम करायचा. गिऱ्हाइकं आता परत माझ्याकडे यायला लागली होती, वाळवंटातली बातमी सगळीकडे पसरली होती. "उस्ताद, तुम्हीच सांगा," म्हणायची. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि ते घशाखाली उतरत नव्हतं. सगळ्यात वाईट हे, की मला आता त्याच्या गप्प राहण्याचाही हेवा वाटायला लागला. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी ऑफिसात जाऊन सगळं ओकलो असतो.

शेवटी मीच ऑफिसात गेलो. अर्बाबचा हात गळ्यात बांधलेला होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाखव्याने मला काय विचारलं होतं, मी काय म्हणालो, तेही सांगितलं. वाटलं होतं, आता घरी जायचं तिकीट हातात पडणार.

अर्बाब टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग आमच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "मी गुडघ्याचं खोटं बोललो. तू गप्प बसलास. चूक माझी झाली असं म्हणाला तो, ज्याची चूकच नव्हती." पुढे म्हणाला, "जा. त्याला बोलव. आणि तूही थांब."

त्या दिवशी आम्ही तिघांनी परत बसून टर्बो निवडला. अर्बाबने पॅन्ट वर करून गुडघा दाखवला. क्लचला किती वेळ लागतो ते मी सांगितलं. दहा वर्षं शेजारी बसून मी नकळत मोजत आलो होतो, गिअर पडल्यावर इंजिन कुठे येऊन ठेपतं तेही मला आवाजावरून सांगता येत होतं. नाखव्याने तो आकडा खोक्याच्या पाठीवर लिहिला आणि नकाशावर एक नवा ठिपका मांडला, टेकडीच्या पार डाव्या उतारावर, कड्याच्या अगदी जवळ.

"हा ठिपका मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता," तो म्हणाला.

मग त्याने फाइल माझ्याकडे सरकवली आणि पहिल्यांदाच मी ती सगळ्यांसमोर उघडली. आम्ही लहान टर्बो घेतला, अठराशेला उठणारा. माथ्यावर त्याला धाप लागणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण माथ्यावर पोचल्यावर धाप लागली तर कोणाची हरकत होती?

अर्बाबचा खांदा बरा व्हायला दोन महिने गेले. हिवाळा सरता सरता तो परत तो डोंगर चढला. या वेळी मी शेजारी बसलो होतो. गिअर पडला आणि लगेच शिट्टी उठली. गाडी थेट माथ्यावर जाऊन थांबली. खाली उतरल्यावर अर्बाब आधी नाखव्याकडे गेला, त्याला एका हाताने छातीशी धरलं. मग माझ्याकडे आला. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, हे मी बघितलं. नाही बघितलं असं म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी सोहारच्या बंदरावर नाखव्याला टग बोटींचं काम मिळालं. समुद्राची सवय सुटत नाही म्हणाला. मी त्याला रुवीच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. फाइलमधल्या सगळ्या नकाशांच्या त्याने माझ्यासाठी झेरॉक्स काढल्या होत्या. सामान बसच्या पोटात टाकल्यावर तो माझ्याकडे वळला.

"आता खूश ना? परत सगळे तुलाच विचारणार."

"थोडासा," मी म्हणालो.

तो हसला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "वहिनींना सलाम सांग." ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि तो बसमध्ये चढला.